पाचव्या बेटावरची विहीर

एकदा एक तरुण शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे एक जाड वही घेऊन आला. गुरुजी समुद्रकाठच्या एका गावात राहत. तरुणपणी त्यांनी दक्षिणेकडच्या बेटांवर बारा वर्षं शाळा चालवली होती. तिथल्या बोली त्यांना येत, म्हणूनच शिष्याने आधी त्यांचं दार गाठलं होतं. वहीत एका प्रवासाची आखणी होती. पाठीवर एक पिशवी, अकरा दिवस, पाच बेटं. कुठली नाव किती वाजता सुटते, कुणाच्या पडवीत पथारी टाकता येते, मासे-भात कुठे स्वस्त मिळतो, सगळं त्याने लोकांना विचारून विचारून टिपलं होतं.

गुरुजींनी वही चाळली. "एकट्याने जायचं तर एवढं लिहून कशाला काढलंस?"

"एकट्यासाठी नाही, गुरुजी, सगळ्यांसाठी. आज त्या बेटांवर कोण जातं? ज्यांना हॉटेलं परवडतात ते. आमच्या वसतिगृहातल्या मुलांनी काय नकाशातच समुद्र बघायचा? समुद्र काय श्रीमंतांच्या बापाचा आहे?"

गुरुजी हसले. "नाही. पण तुझ्याही बापाचा नाही, एवढं लक्षात ठेव."

"मग चला ना माझ्याबरोबर. लिहिलंय ते खरं उतरतं का, ते एकदा पाहून येऊ. मग वही सगळ्यांच्या हाती देऊ."

गुरुजींना ती बेटं सोडून तीस वर्षं झाली होती. ते निघाले.

पहिली चार बेटं वहीबरहुकूम झाली. चौथं बेट मोठं होतं, तिथे धक्का होता, बाजार होता. तिथून पाचव्या बेटाला एक लहानशी नाव जात असे. नावाड्याने शिष्याच्या पाठीवरचं ओझं पाहिलं आणि गुरुजींना त्यांच्या बोलीत विचारलं, "हा पोरगा पिशवी घेऊन निघालाय, की पिशवी पोराला घेऊन निघालीये?" गुरुजींनी ते भाषांतर करून सांगितलं तेव्हा शिष्यही हसला.

पाचवं बेट इतकं चिमुकलं होतं, की चुलीवर भात ठेवून निघावं आणि तो शिजायच्या आत बेटाला फेरी मारून परत यावं. चाळीस घरं, नारळाची आणि नीरफणसाची झाडं, आणि मधोमध एक उथळ विहीर. वाकून पाहिलं तर दोन हातांवर पाणी. शिष्याच्या अंगावर तीन दिवसांचं मीठ साचलेलं होतं. त्याने पिशवी फेकली, बादली सोडली आणि अंगावर पाणी ओतायला सुरुवात केली. गोड, गार पाणी. एक बादली, दोन, तीन. सहावी ओढत असताना एक म्हातारी बाई आली. ती रागावली नाही. तिने त्याच्या हातातला दोर अलगद काढून घेतला आणि काहीतरी म्हणाली. तिच्याबरोबरच्या बायका हसू लागल्या.

"काय म्हणाल्या त्या?" शिष्याने विचारलं.

"म्हणाल्या, चारही बेटांचा मळ पोराने इथेच उतरवायला आणलाय वाटतं."

ती म्हातारी त्या विहिरीची राखणदार होती. रोज सूर्य उगवताना ती काठावर बसे आणि लांब दांडीच्या करवंटीने वरचंवरचं पाणी घेऊन घरटी एक मडकं भरून देई. मग विहिरीवर विणलेल्या झावळ्यांचं झाकण पडे. शिष्याने हे तीन दिवस पाहिलं. गुरुजी समुद्रातच अंघोळ करतात, अंगावरचं मीठ धुवायलाही विहिरीवर जात नाहीत, तहान लागली की शहाळं मागून घेतात, हेही पाहिलं. पाहिलं, आणि म्हाताऱ्या माणसांच्या सवयी म्हणून सोडून दिलं. वहीत त्याने लिहिलं, 'पाच बेटांतलं सर्वांत सुंदर बेट. माणसं प्रेमळ. गोड पाणी मुबलक आणि अगदी हाताशी.'

घरी परतल्यावर त्याने वही पुन्हा गुरुजींपुढे ठेवली. गुरुजींनी चष्मा लावला. चार बेटांची पानं त्यांनी बारकाईने वाचली, दोन-तीन ठिकाणी नावेच्या वेळा दुरुस्त केल्या. पाचव्या बेटाचं पान उघडलं, वाचलं, आणि शेजारची दौत उचलून त्या पानावर उपडी केली.

शिष्य ओरडलाच. "गुरुजी! हे काय केलंत?"

"चार पुरेत," गुरुजी म्हणाले.

"का? काय चुकलंय त्यात?"

"चार पुरेत म्हटलं ना."

"म्हणजे ते बेट तुम्हाला तुमच्यापुरतं ठेवायचंय. बारा वर्षं राहिलात म्हणून ते तुमचं झालं का? तुमच्यात आणि त्या हॉटेलवाल्यांत मग फरक काय?"

गुरुजींनी रिकामी दौत जागेवर ठेवली. काळ्या पानाची वही घेऊन शिष्य निघून गेला.

कारण न सांगता अडवलं, की तरुण माणसाला अडवणारा भित्रा तरी वाटतो नाहीतर स्वार्थी तरी. शिष्याने ते पान आठवणीने पुन्हा लिहिलं, आणि रागाच्या भरात पहिल्यापेक्षा सरस लिहिलं. मग सारी आखणी त्याने इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. शेवटी आपलं नाव आणि गाव घातलं. दाम घेतला नाही, जाहिरात घेतली नाही. त्याच्या मनात खरोखरच मळ नव्हता.

पहिल्या वर्षी आभाराचे निरोप आले. दुसऱ्या वर्षी ते मोजण्यापलीकडे गेले. 'तुमच्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला,' असं कुणीतरी लिहिलं, तेव्हा तो रडला. हे गुरुजींना दाखवावं असं त्याला फार वाटलं. पण तो गेला नाही. आधी त्यांनी चूक कबूल करावी, असं त्याने मनाशी धरलं होतं. अशी चार वर्षं गेली.

चौथ्या वर्षाच्या शेवटी तो पुन्हा त्या बेटांवर निघाला. चौथ्या बेटाच्या धक्क्यावर तोच नावाडी भेटला. आता त्याच्याकडे तीन नावा होत्या आणि तो शिष्याची भाषा मोडकीतोडकी बोलू लागला होता. त्याने शिष्याला ओळखलं, मिठी मारली, भाडं घ्यायला नकार दिला. "सगळं तुझ्या कृपेने," तो म्हणाला. मग बाटलीबंद पाण्याचा एक खोका त्याने शिष्याच्या पायाशी ठेवला. "हे मात्र घेऊन चढ."

"पाणी? तिथे तर विहीर आहे."

नावाडी समुद्राकडे बघत म्हणाला, "आहे की. बघ जाऊन."

विहीर होती. तिच्यात पंपाचा पाइप सोडलेला होता. भोवती भाड्याच्या खोल्या उठल्या होत्या, प्रत्येकीला अंघोळीचा फवारा होता. निम्म्या खोल्या बंद होत्या, कारण त्या वर्षी पाहुणे कमी झाले होते. चाळीस घरांपैकी अकरांतून धूर निघत होता. नीरफणसाची झाडं उभी होती, पण त्यांच्यावर पान नव्हतं. शिष्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. ते समुद्राचं पाणी होतं.

ती म्हातारी त्याला तिथे सापडली नाही. ती चौथ्या बेटावर, बाजारामागे, भाचीच्या अंगणात झावळ्या विणत बसलेली सापडली. त्याला पाहताच तिने बोटाने दाखवून हाक मारली आणि हसली. नावाड्याने अर्थ सांगितला, "म्हणते, अंघोळवाला आला."

शिष्याला हसता आलं नाही. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"आमचं पाणी चाखलंस?" तिने विचारलं.

त्याने होकारार्थी मान हलवली.

"माझी आजी सांगायची, उपसा थांबला आणि चांगले सात-आठ पावसाळे झाले, तर असं पाणी परत गोड होतं." विणता विणता ती म्हणाली. "होईल बहुतेक. माझ्याकडे तेवढे पावसाळे नाहीत, एवढंच." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर त्याला सोसली असती. तिने भाचीला हाक मारून त्याच्यासाठी पेलाभर पाणी मागवलं, आणि तो पिईपर्यंत हात थांबवून ती त्याच्याकडे पाहत राहिली.

गावी परतल्यावर तो घरी न जाता थेट गुरुजींकडे गेला. ते खूप थकले होते. त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं," गुरुजी म्हणाले. "त्या बेटाला नदी नाही, डोंगर नाही. वाळूखाली सगळीकडे समुद्रच आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि त्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत राहतं. ती विहीर म्हणजे त्या सायीला पाडलेलं एक भोक. वरचंवरचं, थोडं थोडं घेतलं तर साय पुन्हा धरते. भसाभसा ओढलं, की खालून समुद्र वर येतो. चाळीस घरांनी पिढ्यान् पिढ्या त्या सायीवर संसार केले. तुझ्या सहा बादल्यांनी काही बिघडलं नसतं. पण त्या सहा बादल्या तू हजारो लोकांच्या हाती दिल्यास. तुझा हेतू चांगला होता, मला ठाऊक आहे. तू पाठवलेली मुलंही चांगलीच असतील. पण चांगल्या माणसांनाही तहान लागते रे, आणि अंघोळही करावीशी वाटते."

"हे तेव्हा का नाही सांगितलंत?"

गुरुजींनी चष्मा काढून बाजूला ठेवला. "चार वर्षं मी स्वतःला हेच विचारतोय. तुला डोळे आहेत, तू पाहिलंस, म्हणजे तुला कळलं असेल, असं मी धरून चाललो. आणि नंतर तू चिडलास, तेव्हा मलाही राग आला. शाई ओतायला एक क्षण पुरतो. समजावून सांगायला तासभर तुझं बोलणं ऐकत बसावं लागलं असतं. तेवढा वेळ मी बसलो नाही. त्या विहिरीतल्या काही बादल्या माझ्याही आहेत."

शिष्याने त्याच संध्याकाळी आपली आखणी इंटरनेटवरून काढून टाकली. काही उपयोग नव्हता. तिच्या नकला कधीच ठिकठिकाणी पोचल्या होत्या.

महिन्याभरात त्याचा पत्ता विचारत एक मुलगी गुरुजींच्या दारात आली. शिष्य आता बहुतेक वेळ तिथेच असे. मुलीच्या पाठीवर कोरी पिशवी होती आणि हातात छापलेली पानं. "दादा, हे तुमचंच ना? आम्ही सहाजणी निघालोय. या सहलीसाठी वर्षभर शिकवण्या घेतल्या. फक्त एक विचारायचं होतं, पाचव्या बेटाची नाव हल्ली किती वाजता असते?"

गुरुजींनी शिष्याकडे पाहिलं, आणि नजर खाली वळवली.

शिष्याने तिला बसायला चटई दिली. मग त्याने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. वहीबद्दल, सहा बादल्यांबद्दल, म्हातारीबद्दल. मुलगी मध्ये मध्ये अडवत होती, वाद घालत होती, एकदा तर उठून उभी राहिली. तासभर गेला.

"पण तुम्ही पाहिलंत ना?" ती शेवटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला मिळालं, आणि आम्हाला नाही. हे कुठलं शहाणपण?"

"शहाणपण नाहीच," शिष्य म्हणाला. "हो, मी पाहिलं. तुला द्यायचं म्हणून जे लिहिलं, ते लिहिण्यानेच संपवलं. तुला अडवणारा मी कोण? नाव साडेसहाला सुटते. प्यायचं पाणी बरोबर न्या."

मुलगी हातातल्या पानांकडे पाहत बसली. पाचवं पान तिने वेगळं काढलं, घडी घातली, पण फाडलं नाही. मग उरलेली चार पानं तिने पुन्हा एकेक करून वाचली.

"आणि या बाकीच्या बेटांवर?" तिने विचारलं. "तिथे लोक पाणी कुठून आणतात?"

शिष्याने तोंड उघडलं. चारही बेटांवर तो दोनदा राहून आला होता. त्याला सांगता येईना.

प्रवासाला निघताना आपण नावेच्या वेळा विचारतो, जेवणाचं विचारतो, पडवी कुणाची ते विचारतो. तिथल्या माणसांना पुरेल एवढं आपल्यामागे उरेल का, हे विचारायला मात्र आपल्या आखणीत एक ओळसुद्धा मोकळी नसते.