आठवे आसन

एका राज्यात उदयभान नावाचा राजा होता, आणि तो पायांपासून छातीपर्यंत पाषाण झाला होता. वरचे अंग जिवंत होते, पण शुद्ध हरपली होती.

दर पौर्णिमेला त्याच्या महालात सभा भरे. आसने आठ, सरदार सात. एक कोठारातल्या धान्याविषयी बोलू लागे, तोच दुसरा घोड्यांविषयी, तिसरा दुसऱ्याच्या आजोबांविषयी. दिवस कलला तरी काही ठरत नसे. सभा मोडली की राजाचे अंग वीतभर आणखी पाषाण होई. असा मांत्रिकाचा शाप होता. आता पुढची वीत काळजाची होती.

राणी चारुमती रोज त्याच्या छातीवरचा दगड तळहातांनी ऊन करी. दगड ऊन होई. मऊ होत नसे.

एके सकाळी खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला.

"राणी, शाप सभेचा आहे, उताराही सभेतच आहे. तीन कामे कर. कावळ्यांच्या सभेतून एक पीस आण. शापित खजिन्यातून एकच वस्तू आण. तिसरे काम तुझे तुला कळेल."

"नाही कळले तर?"

"तर मी चुकीच्या खिडकीत बसलो."

राणी डोंगर चढून गेली. वठलेल्या झाडावर दहा कावळे गप्प बसले होते.

"सभा सुरू का करीत नाही?" तिने विचारले.

"अकरावा यायचा आहे."

"दहा पुरत नाहीत?"

"दहांनी ठरवायचे आणि अकराव्याने नुसते सोसायचे, ही रीत माणसांची. बसा, राणीसाहेब. गप्प बसायला जमते ना?"

राणी दोन प्रहर गप्प बसली. मग एक लंगडा कावळा आला आणि सभा सुरू झाली. ज्याच्या पायाखाली पीस, त्याचीच काव. बाकीच्यांची चोच मिटलेली. सभा उरकली तेव्हा म्हाताऱ्या कावळ्याने ते पीस राणीच्या ओंजळीत टाकले.

खजिना डोंगराच्या पोटात होता. त्याच्यावर नाग होता. दोन वस्तूंना हात घालणाऱ्याचे हात तिथेच राहत. रांजणांच्या काठांवर असे कितीतरी हात लोंबत होते. मधोमध एक माणिक झळकत होते, आणि त्याच्याशेजारी एक मातीची पणती.

"हे माणिक मागाल ते देते," नाग म्हणाला, "पण देताना तितकेच कुणाचे तरी काढून घेते. ही पणती बोलणाऱ्याचा विषय सुटला की विझू लागते. दुसरा गुण नाही."

राणीचा हात माणकापाशी गेला, आणि तिथून पणतीवर आला.

पीस आणि पणती तिने सभागृहात आणून ठेवली. कावळ्यांची आठवण होऊन तिने आसने मोजली. मग तिने सर्वांत वृद्ध सरदार भोजाजी यांना विचारले, "काका, आठवे आसन कुणाचे?"

भोजाजींनी मान खाली घातली. "मांत्रिक रुद्रटाचे. दुष्काळात त्याची बायको सगुणा या नगराची विहीर खणताना दरड कोसळून गेली. पाणी लागले. महाराजांनी विहिरीला आपल्या मातोश्रींचे, अंबिकाबाईंचे नाव दिले. रुद्रटाने सभेत ठराव मांडला की नाव सगुणेचे असावे. अनुमोदन कुणी दिले नाही. महाराज म्हणाले, 'पुढचा विषय.' तो उठून गेला. जाताना शाप देऊन गेला."

"तुम्ही का दिले नाही अनुमोदन?"

"दुसरे कुणी देईल, असे वाटले."

तेव्हा राणीला तिसरे काम कळले. ती एकटी रानात रुद्रटाच्या झोपडीपाशी गेली.

"वाट चुकलात, राणीसाहेब," रुद्रट आतूनच म्हणाला. "सैन्य कुठे राहिले?"

"सैन्य नाही, निमंत्रण आणले आहे. उद्या पौर्णिमा. तुमचे आसन रिकामे आहे."

आतून जोडे चढवल्याचा आवाज आला.

पौर्णिमेला आठही आसने भरली. राजाला शेजारी निजवून त्याच्या जागी, अध्यक्षासनावर, राणी बसली. पणती लागली. पीस रुद्रटाच्या हाती गेले.

"विहिरीला सगुणेचे नाव द्यावे," तो म्हणाला.

"अनुमोदन कोण देते?"

कुणी बोलेना. सरदार रणधवल पुटपुटले, "मग माझ्या घोडीचे नावही..." पणती फडफडली. त्यांनी जीभ चावली. राजाच्या छातीवरचा दगड बोटभर वर सरकला.

अध्यक्षाने अनुमोदन द्यायचे नसते. आणि तिला तरी ते नाव कुठे हवे होते? ती उठली, तीन पायऱ्या उतरली.

"काका, आसन सांभाळा. मी सभेत बसते. माझे अनुमोदन."

रुद्रटाने विचारले, "तुम्हाला पटले?"

"नाही. अंबिकाबाईंनी मला या घरातला पहिला घास भरवला. मी कदाचित विरुद्ध हात वर करीन. पण ऐकल्यावाचून नाही. बोला."

रुद्रट बोलू लागला. कुणी मध्ये बोलले नाही.

"विहिरीत उतरताना ती म्हणाली," तो म्हणाला, "भात उतरवून ठेवा, मी आलेच. मी उतरवला. अजून ते झाकण मी काढलेले नाही." तो थांबला. "एवढेच सांगायचे होते."

पणती तेवत होती. रणधवलांनी पीस मागून घेतले. या खेपेस त्यांचा आवाज खाली होता. "माझी उपसूचना आहे. अंबिकाबाईंचे नाव राहू द्या. शेजारी सगुणाबाईंचे कोरा. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत."

"मान्य," रुद्रट म्हणाला.

भोजाजींनी मते मागितली. आसनावर असल्याने त्यांनी स्वतःचा हात वर केला नाही. बाजूने पाच, विरुद्ध तीन. राणीचा हात पाचांत होता.

विरुद्ध गेलेल्यांपैकी एक सरदार उठला. "मी नको म्हणालो होतो. पण ठरले ते ठरले. पाथरवट मी धाडतो."

तेव्हा दगड तडकला. आधी राजाच्या पायांची बोटे हलली, मग छाती. राणीने तळहात टेकवला. खाली धडधड होती.

"काय ठरले?" राजाने विचारले.

राणीने पहिल्यापासून सांगितले. राजाने हात पुढे करून पीस मागितले, आणि ते हाती आल्यावरच तो बोलला.

"रुद्रटा, मी तुला मध्येच तोडले. चुकलो." मग म्हणाला, "आईला तिथे एकटे वाटत असेल, असे मला नेहमी वाटे. बरे झाले. सोबत मिळाली."

त्या राज्यात पुढे भांडणे झाली नाहीत असे नाही. झाली, पुष्कळ झाली; पण एका वेळी एकच झाले, आणि प्रत्येक भांडण शेवटापर्यंत ऐकले गेले.