महाराजांचे हरवलेले सहा तास

"माझे सहा तास परत आण!" विमानातून उतरताच मांडवगिरीचे विक्रमराजे गरजले.

वैमानिक बहिर्जीने खाली पाहिलं. जमिनीवर काही पडलेलं दिसत नव्हतं.

"परवा इथून सकाळी सातला निघालो, नीलबंदरला दहाला पोचलो. तीन तास! आज तिथून सातला निघालो, तर इथे चार वाजले. नऊ तास! विमान तेच, अंतर तेच तीन हजार मैल. मग वरचे सहा तास कुठे भटकलास?"

"महाराज, नीलबंदर पश्चिमेला. तिथली घड्याळं आपल्यापेक्षा तीन तास मागे—"

"घड्याळाला बोल लावू नकोस! दोन्ही विमानतळांवर मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे बघून मी स्वतः माझं घड्याळ जुळवलंय. उद्या दुपारपर्यंत सहा तास आणून दे. नाहीतर परवापासून तू बैलगाडी हाकशील आणि विमान मी चालवीन!"

मागे विड्यांचा डबा घेऊन उभ्या असलेल्या चांगुणेने हे ऐकलं. महाराजांना विडे करून द्यायचं काम तिचं, त्यामुळे विमानात तिला बसावंच लागे. आणि महाराजांना अजून घोडासुद्धा धड वळवता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहिर्जी दरबारात रिकाम्या हातांनी उभा राहिला. चांगुणा पुढे झाली.

"सहा तासांचा पत्ता लागला, महाराज. पण आधी सांगा, जाताना विडे किती खाल्लेत?"

"सहा."

"तीन तासांत सहा? वैद्यबुवांनी तर तासाला एकच सांगितलाय!"

वैद्यबुवा शेजारीच बसले होते. त्यांनी भुवया उंचावल्या.

"छे छे!" महाराज घाईने म्हणाले. "तू विमानात ठेवतेस त्या वाळूच्या घड्याळातली वाळू तासाला एकदा खाली उतरते. ती उतरल्याशिवाय मी विड्याला हात लावला नाही!"

"आणि येताना?"

"सहाच."

"नऊ तासांत सहाच? म्हणजे तीन तास विडा मिळाला नाही, आणि तुम्ही मला विमानाबाहेर फेकलं नाहीत?"

महाराजांनी बोटांवर मोजलं. सहा विडे, सहा तास. जातानाही, येतानाही.

"मग मनोऱ्यांवरची घड्याळं खोटं बोलतात?"

"ती सूर्याकडे बघून चालतात, महाराज. जाताना सूर्य आपल्याच वाटेने येत होता, म्हणून त्याला आपल्या पुढे जायला वेळ लागला. येताना तो समोरून आला आणि भर्रकन निघून गेला. जाताना दिवस तीन तास लांबला, येताना तीन तास आखडला. बहिर्जीने काय केलं?"

"म्हणजे हे सगळं सूर्याने केलं? शिक्षा त्यालाच करतो!"

"जरूर करा. पण बैलगाडी सूर्य हाकायला लागला, तर आभाळातलं त्याचं काम तुमच्याकडे येईल. रोज पहाटे उठावं लागेल, महाराज!"

महाराज असे हसले, की मुकुट सावरायला दोन्ही हात लागले.

बहिर्जीची नोकरी कायम झाली. चांगुणेला सोन्याचे तोडे मिळाले.

"आणखी काय हवं?" महाराजांनी विचारलं.

"खिडकीजवळची जागा, महाराज. मी अजून विमानातून आभाळ पाहिलेलं नाही."

"दिली!"