उशीतली अळंबी

करवंदीच्या रानाला टेकून एक इवलंसं घर होतं. त्या घरात ठकू राहायची, तिची सखूआत्या राहायची आणि चांदी नावाची गाय राहायची. चौथी होती आई. पण तांदळाचं मडकं तळाला गेलं, म्हणून ती घाटावरच्या एका मोठ्या घरी स्वयंपाकाला गेली होती. निघताना ठकूच्या गालावरून हात फिरवून ती म्हणाली होती, “रानात अळंबी उगवली ना, की मी आलेच समज.”

आईला म्हणायचं होतं, श्रावणात येईन. मोठी माणसं असं काहीतरी बोलतात आणि निघून जातात. लहान माणसं मात्र त्यातला शब्दन् शब्द जपून ठेवतात. ठकू रोज सकाळी रानातल्या वारुळापाशी जाऊन बसू लागली, कारण अळंबी दरवर्षी तिथेच उगवायची.

श्रावण आला, पिवळी फुलपाखरं आली, पण पाऊस रुसून बसला. वारूळ कोरडं ठणठणीत. ठकूला त्याची दया येई. प्यायला नेलेल्या तांब्यातलं अर्धं पाणी ती त्याच्यावर शिंपडी आणि उरलेल्या अर्ध्यावर दिवस काढी. झोपताना ती आईने भरून दिलेल्या पेंढ्याच्या उशीत नाक खुपसायची. उशीला अजून आईच्या हाताचा वास होता. फार आठवण यायची तिला.

एके सकाळी वारुळावर मोतिया उजेड पसरला आणि त्यातून बोटाएवढी परी बाहेर आली. डोक्यावर मऊ मऊ पांढरी छत्री, चिमुकल्या पंखांवर गुलाबी, जांभळे, सोनेरी ठिपके.

“तुझं पाणी मी रोज प्यायले, ठकू. काय देऊ तुला?”

“आई,” ठकू म्हणाली.

परीच्या झोळीत आई नव्हती. तिथे होतं अळंबीचं बी, कापसात घोळल्यासारखे पांढरे दाणे. तिने दोन चिमटी दाणे ठकूच्या ओंजळीत ठेवले. एका चिमटीत एक मागणं, पण त्याला नियम होते. “पेंढा घे तो कोरडा, पिवळाधमक. हिरवं गवत तापून सडतं, आणि काळ्या पडलेल्या पेंढ्यात बुरशीने आधीच बिऱ्हाड केलेलं असतं. गरम पाण्यात भिजव, निथळू दे, मग मुठीत घट्ट दाब. दोनच थेंब पडायला हवेत. एकही पडला नाही तर मागणं सुकेल, धार लागली तर बुडेल.”

ठकू धावतच घरी गेली. गोठ्यात पेंढ्याचे दोनच भारे उरले होते. त्यातला एक आत्याने दिला, पाणीही तापवून दिलं. ठकूने भिजवलेला पेंढा दाबला तर धार लागली. पण निथळेपर्यंत थांबायचं कोणी? जास्त पाणी म्हणजे लवकर उगवणार, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं. पेंढा टोपलीत भरला, दाणे पेरले आणि आईची आठवण आली की ती आणखी एक ओंजळ पाणी घालत राहिली. आठवण तर सारखीच यायची. पाचव्या दिवशी टोपलीला आंबूस वास सुटला आणि पेंढा काळाहिरवा पडला. ठकू हुंदके देऊन रडली.

दुसऱ्या भाऱ्यासाठी ती गोठ्यात गेली, तर चांदी पहाटेच व्यायली होती. शेजारी ओलंचिंब तांबूस वासरू उभं राहायला धडपडत होतं. वासराला आई होती, पण आईला दुसरा चारा नव्हता. ठकूने उरलेला भारा चांदीपुढे सोडला.

मग ती उशी मांडीवर घेऊन बसली. खूप वेळ बसली. शेवटी तिने एकेक टाका उसवला. आतला पेंढा अजून सोन्यासारखा पिवळा होता.

या वेळी तिने घाई केली नाही. पेंढा उपड्या टोपलीवर निथळू दिला आणि मूठ दाबली. एक थेंब पडला. दुसरा पडला. तिसरा करंगळीला लोंबकळला आणि तिथेच राहिला. उशीचाच अभ्रा उकळून वाळवून तिने त्यात पेंढा आणि दुसऱ्या चिमटीतले दाणे थराथराने भरले आणि तो अंधाऱ्या कोपऱ्यात टांगला. रोज फक्त चार थेंब शिंपडायचे, बाकी वाट पाहायची.

अठराव्या दिवशी उसवलेल्या टाक्यांतून इवल्या इवल्या मोतिया छत्र्या डोकावल्या. दोन दिवसांत त्या तळहाताएवढ्या झाल्या. आत्याने त्या आईसाठी पानात बांधून घाटावर जाणाऱ्या दूधवाल्या गणूकाकांकडे दिल्या.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आई दारात उभी होती. अळंबी पाहिली आणि हातातली पळीच खाली ठेवली, असं ती आत्याला सांगत होती. मग तिने त्यांची भाजी केली, स्वतःही खाल्ली. मालकीणबाईंना ती इतकी आवडली, की त्यांनी तांदळाचं पोतं दिलं आणि आठवड्याला टोपलीभर अळंबी मागितली. आता आईला परत जायचं नव्हतं.

अंथरूण घालताना आईने इकडेतिकडे पाहिलं. “ठकू, तुझी उशी कुठे गं?”

“तू खाल्लीस ना ती, आई.”

आईला सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग तिने ठकूला जवळ ओढलं आणि उशीच्या जागी आपला दंड दिला.

तेवढ्यात खिडकीत मोतिया उजेड उमटला. परीने पांढऱ्या दाण्यांनी भरलेली झोळी कोनाड्यात ठेवली, पंख उघडले आणि ती उजेडात विरून गेली. ठकूने ते पाहिलंच नाही. ती आईच्या दंडावर डोकं ठेवून गाढ झोपली होती.