स्थळ एसटीनं आलं

"माणूस मी एका नजरेत ओळखतो," असं यशवंतअण्णा ढमढेरे चारचौघांत सांगत आणि लगेच पुस्ती जोडत, "चष्मा तेवढा सापडायला हवा!"

तर या अण्णांच्या वैदेहीनं फोनवरच्या ॲपात नवरा शोधला. पोरगा घरी आला, पोह्यांची बशी धरून बसला आणि अण्णांची तोफ सुटली.

"फोनात सगळा खोटा बाजार! तोंडाला रंगरंगोटी करायची, दुसऱ्याच्या गाडीला टेकून फोटो काढायचा. आमच्या काळी असेल ते समोर असायचं. बरं, आलात कसे?"

"एसटीनं," पोरगा म्हणाला.

"घ्या! साधी गाडी नाही. हे लग्न होणार नाही."

वैदेहीचे डोळे भरले. चहा घेऊन आलेल्या रत्नमालाबाईंनी नवऱ्यासमोर ट्रे आदळला.

"अहो, हा एसटीनं आला आणि एसटीनंच आलो म्हणाला. तुम्ही मला बघायला आलात तेव्हा कोट शेजाऱ्याचा, घड्याळ मेहुण्याचं आणि फटफटी मामेभावाची होती. ती बघूनच माझे वडील हो म्हणाले. सव्वीस वर्षं झाली, मी अजून तिच्यावर बसायची आहे. आधी ती फटफटी दारात आणा, मग पोराला नाही म्हणा!"