तांबूच्या मार्फत

“मग दीक्षा कधी देताय, आप्पा?”

भानुदासानं तिसऱ्यांदा विचारलं. मठाच्या ओट्यावर आप्पा वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“घाई कशाची हाय?”

“घाई न्हाई. तयारी झाली म्हणून म्हणायलोय. एकवीस दिवस झाले, म्या मौन पाळलंय.”

“आत्ता तर बोलायलास.”

“तुमच्याशी बोलतो, आप्पा. गावात कामापुरतं बोलतो. घरात न्हाई. बायकोशी एकवीस दिवसांत अक्षर बोललो न्हाई. संसारातून मन उठलं की हे आपोआप होतंय.”

हे सांगताना भानुदासाची छाती वीतभर पुढं आली होती. माणूस तसा वाईट नव्हता. तीन गाई, एक म्हैस, एक बैलजोडी, आणि हा सगळा गाडा त्याच्या खांद्याला खांदा लावून ओढणारी बायको, कौतिकाबाई. लेक सासरी गेल्यापासून घरात दोघंच. पण मठातली चार प्रवचनं ऐकून त्याला वैराग्याची गोडी लागली होती, आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायची त्याची खोड लहानपणापासूनची होती.

आप्पांनी हातातली वात पूर्ण केली.

“भांडण कशावरून झालं?”

“भांडण कुठलं, आप्पा. साधना हाय.”

“बरं...”

आप्पांनी दुसरी वात घेतली. तीही वळून झाली.

“...सडावरून झालं,” भानुदास म्हणाला.

गोष्ट एवढीशी होती. गाईच्या चार सडांपैकी तीन पिळायचे आणि एक वासराला सोडायचा, ही त्याच्या बापापासूनची रीत. कौतिकाबाई तांबू गाईच्या वासराला दोन सोडायला लागली. भानुदासानं तिला डेअरीच्या दारात, चार माणसांत टोकलं. ती तिथंच म्हणाली, ‘तुमच्या आईनं तुम्हाला मोजून पाजलं होतं का?’ माणसं हसली. त्या दिवसापासून भानुदासाचं तोंड बंद झालं. आठवड्याभरानं त्यानं आपल्या रुसव्याला मौन म्हणायला सुरुवात केली.

“घर सोडून मठात यायलास, हे तिला सांगितलंस?”

“कळलंय तिला.”

“कसं? तू तर बोलत न्हाईस.”

भानुदास जरा चाचरला. “कळलंय,” तो पुन्हा म्हणाला.

आप्पांनी वातींचं तबक बाजूला सारलं.

“उद्या धारेच्या वक्ताला येतो. तुझं मौन बघतो. पक्कं असलं तर तिथंच दीक्षा देतो.”

सकाळी आप्पा गोठ्यात आले. कौतिकाबाई डोक्यावर पदर घेऊन पाया पडली. बसायला पोतं अंथरलं. आप्पा कशासाठी आले आहेत हे तिला ठाऊक होतं.

वासरू दोन घोट प्यायलं. तांबूनं पान्हा सोडला. भानुदासानं वासराला ओढून बाजूला धरलं. तांबूच्या एका अंगाला तो, दुसऱ्या अंगाला चरवी घेऊन बसलेली कौतिकाबाई. गाय मधे, लग्नात अंतरपाट धरतात तशी.

“तांबू,” कौतिकाबाई म्हणाली, “मालकाला सांग, खुंटा हलायलाय.”

भानुदासानं दगड घेऊन खुंटा ठोकला.

“तांबू, तिला सांग, पेंड संपली. आज आणतो.”

“सांग, जायच्या आधी काढा प्यावा. खोकला छातीत उतरलाय. चुलीपाशी झाकून ठेवलाय.”

“तांबू, विचार, गूळ घातलाय का.”

“सांग, घातलाय.”

“मग सांग, पितो.”

“अन् सांग, लेकीचा फोन आलता. बुधवारी जावई यायलेत.”

“विचार, मुक्काम हाय का.”

“सांग, त्यांना बी मालकासारखीच घाई. मुक्काम न्हाई.”

आप्पा ऐकत होते. तांबू कडबा खात होती. जे सांगायचं ते तिनं कधीच सांगितलं नव्हतं आणि निरोप एकही चुकला नव्हता.

असं एकवीस दिवस चाललं होतं. भानुदासाला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. गाईशी बोललं तर मौन मोडतं, असं कुठल्याच प्रवचनात आलं नव्हतं. एरवी धार होईपर्यंत तो भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. आज आप्पा समोर होते, त्यांच्याकडं पाठ कशी करायची म्हणून तो वळून उभा राहिला, आणि त्याची नजर चरवीकडं गेली.

कौतिकाबाईनं एक सड पिळला. दुसरा पिळला. तिसराही पिळला, आणि ती उठली.

वासराला एकच ठेवला होता.

म्हणजे भांडण तो कधीच जिंकला होता. एकवीस दिवस त्याला त्याचा पत्ताच नव्हता. आता आनंद व्हायला हवा होता, पण हाताखाली वासराच्या बरगड्या लागत होत्या आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

“तांबू... तिला सांग, दोन सोडत जा म्हणावं.”

“तांबू, सांग, आजची धार झाली. आता उद्या.”

भानुदासानं वासरू सोडलं. ते ढुशा मारत कासेला लागलं.

कौतिकाबाई चरवी घेऊन निघाली, पण दोन पावलांवर थांबली. वळून तिनं तांबूच्या पाठीवर हात ठेवला.

“तांबू, शेवटचं एक विचार त्यांना. ते मठात जाणार. तू इथंच राहणार. मग म्या निरोप कुणाकडं द्यायचा?”

माणूस अडला की पाठ केलेलं बोलतो. भानुदास आप्पांकडं वळला.

“बघितलं ना, आप्पा? तिच्याशी अक्षर बोललो न्हाई.”

“बघितलं,” आप्पा म्हणाले. “मौन पक्कं हाय. एवढं पक्कं मला बी उभ्या जन्मात साधलं न्हाई. शब्द दिलाय, दीक्षा देतो.”

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. खांद्यावरचं भगवं उपरणं काढलं. भानुदासानं डोळे मिटून मान खाली घातली.

आप्पा त्याच्या शेजारून पुढं गेले. उपरणं त्यांनी तांबूच्या गळ्यात बांधलं, तिला वाकून नमस्कार केला, खुंट्याचं दावं सोडलं आणि तिला घेऊन गोठ्याबाहेर चालू लागले. वासरू मागोमाग निघालं.

“आप्पा... गाय...”

आप्पांनी मागं पाहिलं नाही.

गोठ्यात दोघंच उरली.

“तांबू, तिला सांग...” भानुदासाच्या तोंडून सवयीनं निघालं.

समोर नुसता खुंटा होता. खुंट्यापलीकडं कौतिकाबाई उभी होती. एकवीस दिवसांत त्यानं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं नव्हतं. ती वाळली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि चरवी दोन्ही हातांत असल्यामुळं तिला ते पुसता येत नव्हतं.

तो पुढं झाला. त्यानं चरवी तिच्या हातातून घेतली.

ती खुंट्यापाशी खाली ठेवली.

“कौतिके,” तो म्हणाला, “म्या कुठं जात न्हाई.”

तिनं पदरानं डोळे पुसले. नाक ओढलं.

“मग उभे काय राहिलात? गाय चालली की.”

भानुदास धावत सुटला. आप्पा काही लांब गेले नव्हते. फाटकाशी थांबून ते तांबूला रस्त्याकडेचं गवत खाऊ देत होते. भानुदासानं धापा टाकत त्यांचे पाय धरले.

“आप्पा, मला दीक्षा नको. माझं मौन मोडलं.”

आप्पांनी त्याला उठवलं. दावं त्याच्या हातात दिलं. मग तांबूच्या गळ्याखाली बोटांनी सावकाश खाजवलं.

“तुझं कधी होतं ते? जिचं होतं, तिचं शाबूत हाय.”