बोटीवरचे दहा हजार

फुकट म्हटलं की प्रमिलाताई शेट्यांना आधी संशय यायचा. चिपळुणात जन्मभर खानावळ चालवून आलेलं शहाणपण ते!

क्रूझचे एजंट दाभोळकर टाय सावरत म्हणाले, "आजच पूर्ण पैसे भरा, सोबत एक मैत्रीण आणा, की बोटीवर खर्चायला दहा हजारांचं क्रेडिट फुकट!"

"मग तेवढे तिकिटातूनच कापा की."

"छे! ते फक्त बोटीवर चालतं. उरलं तर बुडालं. तुम्हाला नाही कळायचं बाई, अगदी रोख पैसेच समजा."

"रोखच? नक्की?" ताईंनी डोळे बारीक केले.

"शंभर टक्के!"

ताईंनी दोघींच्या तिकिटांसाठी टेबलावर मोजून ठेवलेल्या नोटांतले दहा हजार परत पर्समध्ये टाकले आणि त्या जागी खानावळीच्या कुपनांचा गठ्ठा ठेवला.

"दहा हजारांची जेवणं. फक्त माझ्याच खानावळीत, याच महिन्यात. खाडे धरत नाही, उरली तर बुडाली."

दाभोळकर ताडकन उठले. "अहो, पण हे काय पैसे आहेत का?"

"हेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं," ताई म्हणाल्या. "आता कापा तिकिटातून."