नलग्रामच्या चटईची गाठ

फार पूर्वी रत्नावती नगरीत सिंहसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका व्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आले. त्या जन्मी त्यांचं नाव क्षेमक. कथेपुरतं आपणही त्याला क्षेमकच म्हणू. खेडोपाडी फिरायचं, तिथल्या कारागिरांनी घरी बसून हातानं केलेल्या चटया, टोपल्या, सुपं, घोंगड्या घ्यायच्या आणि नगरीत आणून विकायच्या, हा त्याचा धंदा. गोमिल नावाचा एक जण त्याचा भागीदार होता. फिरायचं क्षेमकानं आणि दुकानात बसायचं गोमिलानं, अशी वाटणी. आणि या गोमिलाच्या डोक्याला क्षेमकानं जो ताप दिला, त्याला तोड नव्हती.

त्याचं असं व्हायचं. गिऱ्हाईक चटई हातात घेई, आणि क्षेमक दुकानात असला तर लगेच सुरू होई, "ही नलग्रामच्या सामाबाईंची. ओढा ओलांडला की शेवटचं घर. कोपऱ्यातली ही गाठ बघा, तीन वेढ्यांची आहे. त्यांच्या जाऊबाईंची दोन वेढ्यांची असते." गिऱ्हाईक खूश होऊन मान डोलवी आणि पुढच्या वेळी थेट नलग्रामला जाई.

"अरे, घराची खूणसुद्धा सांगतोस?" गोमिल कपाळाला हात लावून म्हणे. "आता बैलगाडीत बसवून पोचवून तरी ये त्यांना. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा मारून घेणारा व्यापारी मी दुसरा पाहिला नाही."

"ज्यानं केलं त्याचं नाव नको का सांगायला?"

"नको. दुकान आपलं आहे ना, मग आपलं नाव पुरे."

पण पालथ्या घड्यावर पाणी. सात वर्षं गोमिल ओरडत राहिला आणि सात वर्षं क्षेमक नावं सांगत राहिला. गोमिलानं स्वतः नलग्राम कधी पाहिलं नव्हतं. तो चिखल, ते ओढे तुडवत जातो कोण? चटई कोणाच्या का हातची असेना, टेकायला सारखीच, असं त्याचं मत होतं.

एकदा शेजारच्या राज्याचे दूत तहासाठी यायचे ठरले. सभामंडपात अंथरायला छत्तीस नव्या चटया हव्या होत्या आणि हे काम गोमिलाला मिळालं. त्याला आकाश ठेंगणं झालं. चटया सामाबाईंकडून आल्या. राजाचा भांडारिक त्या बघायला आला. त्यानं हात फिरवला, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "चटया नामी आहेत. पण कोपऱ्यातली ही गाठ टोचते. दिसतेही वाईट. काढून टाका."

गोमिल तात्काळ हो म्हणाला. गाठ गेली की विणणारीची खूणच गेली. मग नलग्रामची वाट कोण शोधणार? त्याच्या मनासारखंच झालं होतं.

"थांब," क्षेमक म्हणाला. "आधी सामाबाईंना विचारून येतो."

"काय विचारून येतोस?"

"गाठ काढली तर चालेल का, ते."

गोमिलानं हात जोडले. "चटईची गाठ कापायला विणणारीची परवानगी? उद्या भाकरी मोडण्याआधी दळणारीला विचारून ये बाबा."

"तिनं बांधली आहे, तर काहीतरी कारण असेल. चौथ्या दिवशी सभा आहे, तोवर परत येतो. तू हात लावू नकोस."

आणि तो खरंच चालू लागला. पहिला दिवस गोमिलानं दात-ओठ खाऊन काढला. दुसऱ्या दिवशी भांडारिकाचा माणूस दोनदा येऊन गेला. तिसऱ्या दिवशी गोमिलाचा धीर सुटला. त्यानं सुरी घेतली, छत्तीसच्या छत्तीस गाठी कापल्या, कडांना चिंचोक्याची खळ लावली आणि चटया उन्हात वाळवल्या. कडा अगदी सरळ, एकसारख्या दिसू लागल्या. उगाच त्या येड्याच्या नादी लागून तीन दिवस फुकट घालवले, असं त्याला वाटलं.

सभेच्या दिवशी रीतीप्रमाणे मंडपात वाळ्याचं पाणी शिंपडलं. चटया भिजल्या, खळ भिजली. राजपुरोहित आशीर्वाद द्यायला उठले तेव्हा त्यांच्या पायाखालची चटई उसवली. काड्या सुटल्या, दोरा घोट्यात अडकला आणि पुरोहित थेट पाहुण्या दूताच्या मांडीवर जाऊन पडले. त्यांना सावरायला दूत उठू लागला, तर त्याची चटईही निम्मी मोकळी झाली. पाहुणी मंडळी खो-खो हसली. सिंहसेनाचा चेहरा लाल झाला.

"ज्या हातांनी या चटया विणल्या," तो म्हणाला, "त्या हातांचे अंगठे कापून आणा."

गोमिल खांबाआड उभा होता. तो आणखी आत सरकला. तेवढ्यात क्षेमक आत शिरला, पाय धुळीनं भरलेले, आणि मागे एक वयस्क बाई. राजाचा हुकूम दोघांनी दारातच ऐकला होता. सात वर्षांत गोमिलानं तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यानं ओळखलं.

"या सामाबाई," क्षेमक गोमिलाच्या कानाशी हळूच म्हणाला. "आजवर त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. म्हणून स्वतःच सांगायला आल्या. सगळे दोरे त्या गाठीत येऊन थांबतात. ती कापली तर चटई टिकत नाही."

गोमिलाची नजर तिच्या हातांवर गेली. लव्हाळ्यानं बोटांची टोकं चिरलेली होती आणि दाबून दाबून अंगठे बाहेरच्या अंगाला वळले होते. त्यानं स्वतःचे अंगठे मुठीत झाकले.

राजानं क्षेमकाला पाहिलं. "तू तर न विचारता कारागिरांची नावं सांगत फिरतोस म्हणे. आता मी विचारतो आहे. या चटया कोणाच्या?"

क्षेमकानं एका चटईची उसवलेली कड उचलून पाहिली. मग पुढे होऊन म्हणाला, "महाराज, विणणाऱ्या हातांनी चटया गाठीसकट दिल्या होत्या. त्या चटया इथे नाहीत. इथे आहेत त्या आमच्या दुकानानं बिघडवलेल्या. त्या दुकानाचा धनी मी. अंगठे हवे असतील तर माझे घ्या."

आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.

गोमिलाला त्याचा असा राग आला, की तो खांबाआडून बाहेरच आला. "ऐकू नका त्याचं, महाराज. सात वर्षं या माणसानं नको तिथे नावं सांगून माझा जीव नकोसा केला. आणि आज एक नाव सांगायची वेळ आली, तर तोंड शिवून उभा आहे. सुरी मी चालवली. चटयांना हात लावू नकोस, असं हा मला बजावून गेला होता. मी गोमिल. चौकातल्या वडापलीकडे दुकान आहे माझं." एवढं बोलून त्यानंही हात पुढे केले.

राजा कधी एकाकडे, कधी दुसऱ्याकडे बघत राहिला. अंगठे वाचवायला धडपडणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते. द्यायला भांडणारे हे पहिलेच.

इकडे सामाबाईंना राजसभेची रीत ठाऊक नव्हती. त्या खाली बसून विखुरलेल्या काड्या गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अंगठे कापून चटया नीट होणार आहेत का, महाराज? मला दोरा द्या. दोन दिवसांत सगळ्या बांधून देते. आणि या दुकानदाराचे अंगठे राहू द्या. टोकं दाबून धरायला मला कोणीतरी लागेल."

राजानं शिक्षा मागे घेतली. तहाची बोलणी नुसत्या जमिनीवर बसून झाली आणि राजालाही मांडी घालून भुईवरच बसावं लागलं. मंडपाच्या एका कोपऱ्यात गोमिल दोन दिवस दोरे धरून होता. आठव्या गाठीला त्याच्या बोटांची सालं निघाली. "ढिलं सोडू नको रे," सामाबाई खेकसत, आणि सात वर्षं सगळ्या जगावर खेकसणारा गोमिल निमूट दोरा ताणून धरी.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात धम्मिक नावाच्या भिक्खूला सांगितली. प्रत्येक चीवर कोणी विणलं, कोणी शिवलं हे सांगत बसणाऱ्या आपल्या सोबत्याला तो फार कंटाळला होता आणि तशी तक्रार घेऊनच आला होता. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आज तू ज्याला कंटाळला आहेस, तो तुझा सोबती. सामाबाई म्हणजे तुझ्या अंगावरचं हे चीवर शिवणारी उपासिका कालिका. गोमिल म्हणजे तू. आणि क्षेमक म्हणजे मीच."

धम्मिकानं आपल्या चीवराची शिवण बोटांनी चाचपून पाहिली. मग त्यानं विचारलं, "भंते, त्या जन्मी आपण कोणत्या गुणाची पारमिता पूर्ण केली?"

"मैत्री," शास्ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हातांवरचा घाव आपल्या हातांवर मागून घेणं, ती मैत्री. आणि सात वर्षं तुझ्याबरोबर दुकान चालवलं, त्यात सोसण्याची, म्हणजे क्षांतीचीही, थोडी झाली."